चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या ईदा आणि मुलांच्या विभागून ताब्याचे वेळापत्रक

प्रश्न

आम्ही विभक्त झालो असून दोन्ही मुले आळीपाळीने एक आठवडा माझ्याकडे आणि एक आठवडा वडिलांकडे राहतात. सणांविषयी आमच्या लेखी करारात एवढेच म्हटले आहे की, ईद सम वर्षी आईकडे आणि विषम वर्षी वडिलांकडे. कोणती ईद, किती वाजल्यापासून, आणि चंद्रदर्शन एक दिवस लांबल्यास काय करायचे, याचा त्यात उल्लेख नाही. करार नव्याने लिहिण्यास दोघांचीही तयारी आहे. मुले मोठी होईपर्यंत पुन्हा वाद उद्भवू नये, यासाठी त्यात काय लिहावे?

उत्तर १

मूळ अडचण अशी की, तुमचा सम-विषमाचा नियम इंग्रजी वर्षावर बेतलेला आहे. हिजरी वर्ष, म्हणजे चंद्रावर आधारलेले इस्लामी वर्ष, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते आणि त्यात अधिक महिना धरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक सण इंग्रजी तारखेच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. असे सरकत २०३३ मध्ये रमजान ईद दोनदा येईल, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या उत्तरार्धात. वर्ष विषम असल्यामुळे सध्याच्या करारानुसार दोन्ही ईदा वडिलांकडेच जातील. बकरी ईदेच्या बाबतीत हेच २०३९ मध्ये घडेल, पण तोपर्यंत मुले बहुधा सज्ञान झालेली असतील.

त्याऐवजी पाळी हिजरी सालाने बांधावी. २०३३ मधल्या त्या दोन ईदा १४५४ आणि १४५५ या वेगवेगळ्या सालांतल्या आहेत, त्यामुळे पाळी आपोआप बदलते. शिवाय रमजान ईद दहाव्या महिन्यात आणि बकरी ईद बाराव्या महिन्यात, म्हणजे साधारण सत्तर दिवसांच्या अंतराने येते. सम साली पहिली आईकडे व दुसरी वडिलांकडे आणि विषम साली याउलट, असे ठरवल्यास कोणाचेही वर्ष ईदेविना जाणार नाही.

उत्तर २

ताई, वरील सूचना योग्य आहे, परंतु वाद सालावरून जितके होतात त्याहून अधिक तासांवरून होतात. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि ईदची नमाज सूर्योदयानंतर थोड्याच वेळात असते; म्हणून ‘ईदच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मुले सोपवावीत’ असे लिहिल्यास नमाजही हुकते आणि आदली रात्रही.

रमजान महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळीच कळते. तेव्हा ज्यांची ईद असेल त्यांच्याकडे मुलांनी एकोणतिसाव्या रोजाच्या सूर्यास्तापूर्वी यावे आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत राहावे, असे कलम लिहावे. चंद्र दिसला नाही तर तिसावा रोजाही त्याच घरी होईल, आणि रात्री उशिरा फोनाफोनी करून मुलांना घेऊन धावण्याची वेळ कोणावरही येणार नाही. बकरी ईद महिन्याच्या दहाव्या दिवशी असल्याने तिची तारीख बरीच आधी समजते. तिथे इतकी तजवीज लागत नाही.

उत्तर ३

चंद्रदर्शनाची कोणाची घोषणा मानायची, हेही नमूद करा. काही जण स्थानिक चंद्रदर्शन मानतात, काही सौदी अरेबियाची घोषणा, तर काही खगोलीय गणिताने आधीच ठरलेली तारीख. त्यामुळे एकाच कुटुंबात दोन वेगळ्या दिवशी ईद होऊ शकते. कराराने कोणाची श्रद्धा बरोबर हे ठरवायचे नसून फक्त मुले कुठे असतील एवढेच ठरवायचे आहे, हे वाक्यही त्यात असू द्यावे. माझ्या अनुभवात या एका वाक्याने बरीच कटुता टळते.

प्रश्नकर्ती

तिन्ही उत्तरांबद्दल आभार. ईदसाठी आठवड्याचा क्रम मोडला, तर पुढचा क्रम नव्याने सुरू करावा का? आणि रमजानच्या शेवटच्या दहा रात्री विशेष उपासनेच्या असतात, त्यांचे काय?

उत्तर २

क्रम नव्याने सुरू करू नका, कारण तसे केल्यास शाळेचे व सुट्यांचे सारे नियोजन विस्कटते. मूळ आठवडे तसेच चालू ठेवावेत आणि ईदमुळे ज्यांचे दिवस गेले, त्यांना ते पुढील तीस दिवसांत परत मिळावेत. शेवटच्या दहा रात्री समान वाटून घेता येतील. सत्ताविसावी रात्र दोघांनाही महत्त्वाची वाटत असेल, तर ज्यांच्याकडे त्या साली रमजान ईद नाही त्यांना ती द्यावी. वयात न आलेल्या मुलांवर रोजा बंधनकारक नाही, म्हणून धाकट्याने किती रोजे धरावेत याचा निर्णय रमजानपूर्वीच दोघांनी मिळून घ्यावा. एका घरी रोजा आणि दुसऱ्या घरी सूट, असे होता कामा नये. शाळेत रजेचा अर्ज करताना मात्र दोन्ही संभाव्य दिवस लिहावेत.