घरच्या घरी गेम कन्सोलवर संगीत: काय वापरावं?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. गणपतीत आमच्या सोसायटीची एकांकिका आहे आणि पार्श्वसंगीताचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. कथा नव्वदीतल्या चाळीतली. एक प्रसंग तर टीव्ही गेमवरून दोन भावांच्या मारामारीचाच आहे, त्यामुळे तो जुना टुंई-टुंई आवाज हवाच. पेटीची प्रवेशिका झालीये, सुरांशी ओळख आहे. पण संगणकावरची ती मोठाली सॉफ्टवेअरं उघडली की निम्मा वेळ मेनू धुंडाळण्यात जातो आणि उत्साह मावळतो.
भाचा परदेशी जाताना निन्टेन्डो डीएस (हातातला कन्सोल) आणि पीएस२ (प्लेस्टेशन २) आमच्या माळ्यावर टाकून गेला. यावर गाणी करता येतात म्हणे. छोटे पाच-सहा तुकडे हवेत, त्यातला एक रूपकात, म्हणजे सात मात्रांच्या तालातच हवा (दिग्दर्शकाचा हट्ट). शेवटी सगळं लॅपटॉपवर यायला हवं. बजेट पाच-सहा हजार. निन्टेन्डो स्विच घ्यावा का?

खर्जातला_बोका
स्विचचा विचार सोडा. त्यावरचं कॉर्ग गॅजेट (२०१८) झकास आहे, एकाच वेळी चौघांना वाजवता येतं, पण कन्सोल राहू द्या, नुसतं सॉफ्टवेअरच ५० डॉलरच्या घरात जातं.
डीएस आहे तर कॉर्ग डीएस-१० शोधा. २००८ चं आहे. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-१० सिंथेसायझरवर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य, थोडक्यात सिंथ) बेतलेलं. दोन सिंथ, चार आवाजांचं ड्रम मशीन, १६ पायऱ्यांचा सीक्वेन्सर (मांडलेले सूर ओळीने आपोआप वाजवणारा). खरी मजा पॅच पॅनेलची: पडद्यावर स्टायलसने एका भोकातून दुसऱ्या भोकात वायर ओढायची आणि आवाज कसा बदलतो ते कानाने ऐकायचं. सिंथ म्हणजे काय हे ज्याला शिकायचंय त्याला यासारखा गुरू नाही. डीएसच्या कार्ट्रिजना रीजन लॉक (प्रदेशानुसार बंदी) नाही, त्यामुळे जपानी प्रत मिळाली तरी चालेल.
थ्रीडीएसवर (डीएसच्या पुढचा कन्सोल) एम०१डी आणि डीएसएन-१२ होते, पण निन्टेन्डोचं ते ऑनलाइन दुकानच मार्च २०२३ मध्ये बंद झालं. आता नव्याने विकत घेता येत नाहीत.

तिखटमीठ
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? फोनवर फुकट अ‍ॅप आहेत ढिगाने. (पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

झपताल_१०
@तिखटमीठ, त्यांनी मेनूंचाच वैताग सांगितलाय आणि तुम्ही अजून मेनू देताय. निन्टेन्डोच्या जुन्या गेमबॉयवर बटणं आठ आणि आवाज चार. काय निवडू हा प्रश्नच उरत नाही, थेट कामाला लागावं लागतं.
गवतीचहाताई, रूपक हवा असेल तर डीएस-१० च्या १६ पायऱ्यांशी झटापट करू नका. सरळ एलएसडीजे घ्या, म्हणजे लिटल साउंड डीजे, गाणी बांधायचं सॉफ्टवेअर. स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीने २००० च्या सुमारास गेमबॉयसाठी लिहिलेलं. आवाजाचे चार चॅनल: दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज (खरखर), बस्स. गेमबॉय विकत घ्यायची गरज नाही, सेमबॉय हा इम्युलेटर (गेमबॉयची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, लॅपटॉपवर चालतो.
आता ठेका. एक फ्रेज म्हणजे १६ ओळी, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. मात्रेला दोन ओळी द्या. ती ० वर, ती २ वर, ना ४ वर, धी ६, ना ८, धी ए, ना सी. मग ई या ओळीत कमांडच्या रकान्यात एच००. हा एच म्हणजे हॉप, तिथे पोचलं की लगेच पुढच्या फ्रेजवर उडी. १४ ओळींत आवर्तन पूर्ण.
चाटेचे (म्हणजे किनारीचे) बोल नॉइजवर, अगदी तोकडे. डग्गा वेव्ह चॅनलवर, आणि फक्त ६ व ए वर. रूपकाची सम (पहिली मात्रा) 'खाली'च्या, म्हणजे बिनडग्ग्याच्या जागी असते, ती-ती-ना रिकामंच राहू द्या. तिथे घुमारा ठेवलात तर तुमचा तबलजी भर तालमीत उठून जाईल.
एच चारही चॅनलच्या प्रत्येक फ्रेजला द्यावा लागतो. एखाद्याला राहिला की तो १६ वर चालतो, बाकीचे १४ वर, आणि पुढच्याच समेला वांधे. (मुद्दाम असं करून बघा कधीतरी, भारी लागतं. पण एकांकिकेत नको.)
लय फार पळतेय असं वाटेल, कारण टेम्पोचा आकडा चार ओळींची एक बीट धरतो आणि आपण दोनच दिल्यात. ग्रूव्हच्या पडद्यावर (एकेक ओळ किती टिकते ते तिथे ठरतं) ६-६ च्या जागी सी-सी करा. सी म्हणजे १२. लय बरोबर निम्मी. मींडसाठी एल कमांड आहे: पुढच्या सुरावर लिहायची, आधीच्या सुरावरून घसरत येतो. पेटीत जे कधी जमलं नाही ते इथे जमेल, हलकेच घ्या.

माळ्यावरचा
पीएस२ वाल्यांच्या वतीने एक हात वर. पीएस२ वर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालतात, त्यामुळे १९९९ चं म्युझिक २००० लावता येईल (अमेरिकेत तेच एमटीव्ही म्युझिक जनरेटर). लंडनमध्ये ग्राइम (रॅपच्या वळणाचं संगीत) करणाऱ्या पहिल्या फळीतल्या कित्येक पोरांनी घरी यावरच हात बसवला. तयार तुकडे जुळवत गाणं बांधायचं, शिवाय घरातली ऑडिओ सीडी घालून तिच्यातून नमुना उचलायचा.
एक गोम सांगून ठेवतो. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कचं काम पीएस२ च्या मेमरी कार्डावर सेव्ह होत नाही. जुनं, १५ ब्लॉकवालं कार्ड वेगळं लागतं. ते हातात आल्याशिवाय डिस्कवर पैसे घालू नका. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा.

कढीपत्ता
झपताल यांना +१. फक्त एक भर. त्याच वळणाचं एलजीपीटी म्हणून आहे, लिटल जीपी ट्रॅकर, लाडाने पिगी. फुकट. पीएसपीवर (सोनीचा हातातला कन्सोल), विंडोजवर चालतं, आणि हल्ली जे स्वस्तातले मियू मिनीसारखे हातातले इम्युलेटर मिळतात त्यांवरही. आठ चॅनल, आणि आवाज आपले स्वतःचे.
म्हणजे खऱ्या तबल्याचा एकेक बोल फोनवर रेकॉर्ड करायचा, वेव्ह फाइल करून फोल्डरमध्ये टाकायची. फाइलच्या सुरुवातीची शांतता मात्र थापेपर्यंत कापा. तिथे नखाएवढी जरी उरली तरी सगळा ठेका मागे रेंगाळतो आणि का रेंगाळतोय ते कळत नाही. मी हलगी अशीच बसवली आहे, छोट्या स्पीकरवरही कडकडते.
माझं मत विचाराल तर रूपक पिगीवर, खऱ्या बोलांनी. मारामारी एलएसडीजेवर.

खर्जातला_बोका
जाता जाता, नव्वदीतले आपले टीव्ही गेम म्हणजे बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी कन्सोलची नक्कल. चाळीतला आवाज अस्सल हवा असेल तर गेमबॉयसुद्धा चुकीचाच. फॅमिस्टुडिओ घ्या, फुकट आहे, फॅमिकॉमच्या चिपसाठीच केलेलं. त्यातला खालचा सूर ट्रँगल लहरीचा असतो आणि त्याला लहान-मोठा आवाजच नाही, एकतर चालू नाहीतर बंद. त्या गेममधला बास सगळीकडे सारख्याच जोराने का वाजायचा ते यावरून कळेल. आणि याचा पडदा पियानोच्या पट्ट्यांसारखा आडवा आहे, पेटीवाल्यांना लगेच उमगेल.

तिखटमीठ
बरं, मी पॉपकॉर्न संपवले. फॅमिस्टुडिओ उतरवलं, फुकट आहे म्हणून. जेवण राहिलं त्या नादात.

गवतीचहा
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. खिशाला चाट न लागता निम्मं काम होतंय असं दिसतंय! तर मारामारीला फॅमिस्टुडिओ आणि रूपकासाठी आधी एलएसडीजे. तबलजी शेजारच्या विंगेतलेच आहेत, बोल रेकॉर्ड करायला कबूल झाले की पिगी. डीएसचं चार्जिंग होतंय का ते बघते, डीएस-१० सावकाश शोधेन.
एकच शंका: इम्युलेटरचा आवाज फाइलमध्ये कसा आणायचा? फोन स्पीकरसमोर धरून?

झपताल_१०
अहो नको! ऑडॅसिटी घ्या. विंडोज असेल तर वर होस्टमध्ये वासापी (WASAPI) निवडा आणि रेकॉर्डिंगला स्पीकरच्या नावापुढे लूपबॅक लिहिलेलं असेल ते. लॅपटॉपच्या आत जे वाजतंय तेच थेट फाइलमध्ये येतं, पंख्याची घरघर नाही की काही नाही. फॅमिस्टुडिओतून तर सरळ वेव्ह फाइलच निघते.
डीएस-१० मिळालं तर मात्र डीएसच्या हेडफोनच्या भोकातून वायर लागेल. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा मोनो असतं आणि आवाज फाटतो, म्हणून लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड बघा, आणि डीएसचा आवाज पूर्ण वर नेऊ नका.

कढीपत्ता
आणि लूपबॅक लावण्याआधी लॅपटॉपवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद करा. आमच्या एका प्रयोगात ऐन स्वगतात 'टिंग' झालं होतं, आणि नायकाने खिशात हात घातला.