रिफ्लेक्टर जॅकेट कधी तपासावे आणि कधी बदलावे?

प्रश्न (स्टोअरकीपर, शिरोली एमआयडीसी)

नमस्कार. मी शिरोलीतील एका फाउंड्रीचे स्टोअर सांभाळतो. यार्ड, डिस्पॅच आणि फोर्कलिफ्टच्या वाटेवर काम करणाऱ्या ६४ जणांना आम्ही रिफ्लेक्टर जॅकेट देतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की नवा लॉट वाटायचा आणि तो पुढच्या खंडेनवमीपर्यंत चालवायचा, अशी आमच्याकडची जुनी पद्धत आहे. गेल्या आठवड्यात ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले. त्यांनी डिस्पॅचमधल्या एका कामगाराचे जॅकेट हातात घेतले आणि ते शेवटचे कोणी, कधी तपासले, असे विचारले. माझ्याकडे वाटपाची नोंद होती, तपासणीची नव्हती. त्या जॅकेटचा केशरी रंग खांद्यावर उडून फिकट झाला होता आणि पाठीवरच्या पट्टीत काळी वाळू इतकी बसली होती की बोटाने घासूनही निघेना.

पुरवठादार म्हणतो की दर सहा महिन्यांनी बदला. मालकांना वाटते की त्याला माल खपवायचा आहे. बदलण्याची मुदत खरोखर कुठे ठरवून दिलेली आहे का? तपासणी कोणी आणि किती दिवसांनी करावी? आणखी एक अडचण मोकळेपणाने सांगतो. जॅकेट फाटले किंवा हरवले तर आमच्याकडे पगारातून पैसे कापले जातात, त्यामुळे खराब झालेले जॅकेट घेऊन कोणी स्टोअरला येतच नाही.

उत्तर १ (सेफ्टी ऑफिसर, गोकुळ शिरगाव)

आपली शेवटची अडचण मला सर्वांत गंभीर वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कायद्याने पुरवायच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, हे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ११४ मध्ये होते आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही सोयीचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. कपात चालू असेपर्यंत तपासणीचे कितीही चांगले वेळापत्रक केले तरी खराब जॅकेट तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, कारण ते लपवण्यातच कामगाराचे हित आहे. मालकांशी पहिले बोलणे यावरच करावे.

आता मुदतीविषयी. सहा महिने हा आकडा पुरवठादाराने मनाने काढलेला नाही. अमेरिकेतील आयएसईए १०७ या मानकाच्या मार्गदर्शनात असे म्हटले आहे की रोज वापरल्या जाणाऱ्या जॅकेटचे आयुष्य साधारण सहा महिने धरावे आणि क्वचित वापराचे जॅकेट तीन वर्षांपर्यंत टिकू शकते. मात्र हा अंदाज आहे, बदलण्याची सक्तीची तारीख नव्हे. फेटलिंगजवळ (जिथे ओतीव भाग घासून साफ करतात) वावरणाऱ्या माणसाचे जॅकेट तीन महिन्यांत निकामी होऊ शकते आणि गेटवर पाहुण्यांसाठी ठेवलेले दोन वर्षांनीही चांगले असू शकते. म्हणून सहा महिने ही मुदत खरेदीचे अंदाजपत्रक करताना धरावी आणि बदलण्याचा निर्णय मात्र जॅकेटची अवस्था पाहून घ्यावा.

अवस्था पाहताना हे लक्षात घ्यावे की जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी काम करतात आणि त्या वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. रंगीत कापड दिवसा दिसण्यासाठी असते. त्यातील प्रतिदीप्त रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो, म्हणून ते ढगाळ दिवशीही उठून दिसते. तेच ऊन त्या रंगाला हळूहळू खाते, त्यामुळे रंग उडण्याची सुरुवात खांद्यापासून होते. चकचकीत पट्टी रात्रीसाठी असते. तिच्यातील काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्रिझम दिव्याचा प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात, आणि ती घासण्याने, धुण्याने व मळाने मरते. आयएसओ २०४७१ या मानकात नव्या पट्टीकडून ठरावीक कोनात प्रति लक्स प्रति चौरस मीटर किमान ३३० कँडेला परावर्तनाची अपेक्षा आहे, आणि झीज व धुलाईच्या चाचण्यांनंतर ते किमान १०० राहिले पाहिजे. म्हणजे परावर्तन नव्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरले तरी पट्टी मानकात बसू शकते, आणि दिवसाच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना या दोन पट्ट्यांतील फरक कळत नाही.

आतल्या लेबलवर वर्ग (रंगीत कापड आणि पट्टी किती, त्यावरून ठरणारी श्रेणी) आणि बहुधा धुण्याची कमाल संख्या छापलेली असते. ती संख्या हीच तुमच्या हाती असलेली सर्वांत नेमकी मर्यादा आहे, आणि आपल्याकडे ती क्वचितच कोणी वाचतो. दुसऱ्या वर्गाच्या जॅकेटला किमान ०.५० चौरस मीटर रंगीत कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते, तिसऱ्या वर्गाला ०.८० आणि ०.२०. त्यामुळे बाही कापली, सैल वाटते म्हणून कडा आत मुडपून शिवली किंवा बाजारातून रेडियम आणून वरून चिकटवले, तर लेबल तेच राहते पण जॅकेट त्या वर्गात राहत नाही. शिवण उसवली असेल तर तेवढी शिवून घ्यायला हरकत नाही. नवीन लॉट घेताना आयएस १५८०९ या भारतीय मानकाचा उल्लेख खरेदीपत्रात अवश्य करावा.

तपासणी तीन पातळ्यांवर ठेवावी, असे माझे मत आहे. पाळी सुरू होताना घालणाऱ्याने स्वतः पाहावे, महिन्यातून एकदा सुपरवायझरने प्रत्येक जॅकेट अंगावरून उतरवून पाहावे, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर स्टोअरने पूर्ण लॉट पाहावा. प्रत्येक जॅकेटच्या आत न पुसणाऱ्या शाईने क्रमांक आणि वाटपाचा महिना लिहिला की नोंदवही आपोआप तयार होते.

उत्तर २ (ऊस यार्ड, साखर कारखाना, करवीर तालुका)

वरच्या उत्तरात चाचणीची कृती राहिली आहे, ती सांगतो. गळीत हंगामात आमच्या यार्डात रात्रभर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची ये-जा चालते आणि बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख सगळ्यांच्या अंगावर बसते. प्रत्येक लॉटमधील एक जॅकेट न वापरता काळ्या पिशवीत बंद करून ठेवावे. तपासणीच्या वेळी अंधाऱ्या गोदामात ते नवे आणि वापरलेले जॅकेट शेजारी टांगून वीस-पंचवीस पावले मागे जावे आणि बॅटरी कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे. बॅटरी कमरेशी धरली तर परत येणारा प्रकाश कमरेकडेच जातो आणि चांगली पट्टीही मंद दिसते. या चुकीमुळे आम्ही पहिल्या वर्षी चांगली जॅकेट बाद केली होती. मग पट्टीवर पाणी शिंपडून पुन्हा पाहावे. काही पट्ट्या कोरड्या असताना उत्तम दिसतात आणि ओल्या झाल्या की विझल्यासारख्या होतात, आणि आपल्या भागातला पाऊस पाहता ही चाचणी टाळून चालणार नाही.

पावसाळ्यात माणसे जॅकेटवर साधा रेनकोट चढवतात. तेव्हा आतले जॅकेट नवे असो की जुने, ड्रायव्हरला दिसतो तो फक्त काळा रेनकोट. पट्ट्यांचा रेनकोटच द्यावा आणि तोही याच तपासणीत धरावा.

उत्तर ३ (भट्टी विभाग, कागल)

एक सावधगिरी. आपण उल्लेख केलेली जॅकेट बहुधा साध्या पॉलिएस्टरची असतील. ती घालून कोणी भट्टीजवळ किंवा ओतकामाला उभे राहू नये, कारण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. तिथे आगरोधक कापडाचेच कपडे हवेत. तेल किंवा डिझेल मुरलेले जॅकेट कितीही चमकत असले तरी काढून घ्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रपाळीत ६४ पैकी ४० जॅकेट सांगितल्याप्रमाणे पाहिली. १७ जॅकेट न वापरलेल्याच्या शेजारी जवळजवळ काळी दिसली. त्यांतील पाच दिवसा मी स्वतः चांगली म्हणून बाजूला काढली होती. कपात बंद करण्यास मालकांनी आज होकार दिला आहे. मळलेली जॅकेट लगेच बाद करावीत की धुऊन पाहावीत? बरेच कामगार ती घरी दगडावर आपटून, ब्रशने घासून धुतात.

उत्तर १ (सेफ्टी ऑफिसर, गोकुळ शिरगाव)

धुऊन पाहावीत. सौम्य साबण, कोमट पाणी, पट्टीवर ब्रश नाही, ब्लीच नाही, वाळवणे सावलीत, इस्त्री पट्टीवरून फिरवायची नाही. शक्य असल्यास धुलाई कारखान्यातच करावी, म्हणजे किती वेळा धुतले याची नोंद राहील. वाळल्यावर पुन्हा तीच बॅटरीची चाचणी घ्यावी, आणि तरीही मंद दिसले तर बाद करावे. बाद केलेले जॅकेट पाठीच्या पट्टीवर आडवे कापूनच भंगारात टाकावे. आमच्याकडे न कापता टाकलेली दोन जॅकेट महिन्याभरात लोडिंगच्या हमालांच्या अंगावर परत आली होती.