इंजिनाखालच्या कव्हरचे बोल्ट फिरतात पण आवळले जात नाहीत

निफाडचा वाहतूकदार

नमस्कार मंडळी. माझा सहाचाकी ट्रक पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात कांदा घेऊन जातो. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे कव्हर तेरा नंबरच्या पान्याच्या सहा बोल्टांवर बसते. मागच्या पावसाळ्यात कसारा घाटात खालून खडखडाट येऊ लागला, म्हणून परत आल्यावर आडगाव नाक्याजवळ गाडी उभी करून पाहिले, तर मागचे दोन बोल्ट पडून गेलेले होते, एकाचे आटे साफ झिजलेले होते आणि एक बोल्ट पाना लावला की नुसता जागेवर फिरत होता. तो ना आवळला जातो, ना बाहेर येतो. एका गॅरेजमध्ये भोके थोडी मोठी करून दुसरे बोल्ट दाबून बसवून दिले, पण महिनाभरातच तेही सैल झाले. सध्या कव्हर तारेने बांधले आहे. भोके आणखी मोठी करावीत, की सरळ वेल्डिंग करून टाकावे?

सातपूरचा फिटर

दोन्ही नको. आधी प्रत्येक जागेचा आजार वेगळा ओळखा, कारण तुम्ही सांगितलेल्या चार जागी तीन निरनिराळे दोष आहेत.

जो बोल्ट नुसता फिरतो, त्याचे आटे बहुधा शाबूत असतील. आतल्या नटाची पकड सुटल्यामुळे नटच बोल्टबरोबर फिरत आहे. कव्हर आणि ते ज्यावर बसते तो लोखंडी ब्रॅकेट यांच्या फटीत चपटी पहार घालून बोल्टवर खालच्या दिशेने ताण ठेवा आणि तो ताण न सोडता पाना फिरवा. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यास पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. नाहीच झाले तर बोल्टचे डोके ग्राइंडरने कापावे लागते, मात्र डिझेलची नळी आणि वायरिंग कुठून जाते ते आधी पाहून घ्या. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड) लावा.

आटे गेलेल्या जागेबद्दल माझा संशय असा आहे की कोणीतरी पूर्वी चुकीच्या मापाचा बोल्ट कोंबला असावा. आपल्याकडे दुकानात बोल्ट मागताना लोक पान्याचा नंबर किंवा सूत (इंचाचा आठवा भाग) सांगतात, आणि तिथेच घोटाळा होतो. तेरा नंबरचा पाना लागणारा बोल्ट साधारणतः ८ मिमीचा असतो व त्याच्या दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिमी असते. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिमीचा, म्हणजे डोळ्यांना अगदी तसाच दिसतो, पण त्याच्या जाड आट्यांच्या प्रकारात एका इंचात १८ आटे असतात आणि अंतर १.४१ मिमी पडते. तो दोन-तीन आटे सहज जातो, मग अडतो, आणि पाना जोरात ओढला की नटाचे आटे कापत आत शिरतो. नवा बोल्ट शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे. हाताने जात नसेल तर तो त्या नटाचा नव्हेच.

दुरुस्तीसाठी, जिथे भोक ब्रॅकेटच्या कडेजवळ आहे तिथे पत्र्यावर सरकवून बसणारा क्लिप-नट लावा. ब्रॅकेट जाड असेल, निदान बोल्टच्या जाडीइतके, तर स्प्रिंगसारखी आट्यांची गुंडाळी, जिला हेलिकॉइल म्हणतात, बसवता येते. ८ मिमीसाठी सुमारे ८.३ मिमीचे भोक पाडून तिच्याच टॅपने आटे मारावे लागतात. पातळ पत्र्यात तिचा उपयोग नाही. जिथे मागून हात पोहोचत नाही तिथे रिव्हेट-नट, म्हणजे पुढूनच भोकात घालून आत फुगवून पकडवायचा नट, बसवा.

अंबडचा फॅब्रिकेटर

फिटरदादांच्या बाकी म्हणण्याशी सहमत आहे, पण रिव्हेट-नटाबाबत सावध करतो. भोक आधीच वाढवलेले असेल तर त्याची कॉलर नीट पकड घेत नाही, कारण ८ मिमीच्या रिव्हेट-नटाला सर्वसाधारणपणे ११ मिमीचे नेमके भोक लागते. तो ढिला बसला की पुन्हा तोच फिरणारा बोल्ट! ॲल्युमिनियमचा तर घेऊच नका; लोखंडी बोल्टबरोबर ओलाव्यात तो गंजून अडकतो, आणि इगतपुरीच्या पावसात ही गाडी आठवड्यातून दोनदा भिजणार आहे.

माझ्या अनुभवात वाढलेल्या भोकासाठी पट्टी सर्वांत टिकते. ३ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीवर टेबलावरच नट वेल्ड करून घ्यायचा, रंग मारायचा, आणि ती पट्टी ब्रॅकेटच्या मागे ठेवून शेजारी दोन लहान बोल्टांनी किंवा रिव्हेटांनी धरायची. गाडीवर वेल्डिंग करण्याची गरजच राहत नाही. कोणी केलेच, तर बॅटरीची दोन्ही टोके आधी काढा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर संकट येते. ब्रॅकेटवर काय हवे ते करा, पण मुख्य चासीच्या लांब पट्ट्यांवर ना वेल्डिंग, ना नवे भोक. तिथे चीर सुरू झाली तर कव्हर ही फार लहान गोष्ट ठरेल.

सातपूरचा फिटर

पट्टीचा सल्ला मान्य. अरुंद जागेत ती जात नाही, एवढीच अडचण. आणखी एक: कव्हरचे स्वतःचे भोकही फाटलेले असणार. तिथे ३० मिमीचा रुंद वॉशर व आत लोखंडी बुश (छोटी नळी) घाला, म्हणजे बोल्टचा दाब बुशवर जाईल आणि प्लॅस्टिक चेपणार नाही. प्लॅस्टिक चेपत गेले की बोल्ट आपोआप सैल होतो. आटे पक्के करणारे द्रव्य वापरणार असाल तर ते प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

निफाडचा वाहतूकदार

आपणा दोघांचे आभार. पहारेच्या ताणावर फिरणारा बोल्ट पंधरा मिनिटांत बाहेर आला. आतला नट वेल्डपासून सुटला होता, आटे मात्र खरोखर चांगले होते. मागच्या दोन जागी पट्ट्या करून घेतल्या आणि झिजलेल्या जागी क्लिप-नट बसला. गॅरेजने घातलेल्यांपैकी एक बोल्ट दुकानदाराने मापून पाहिला, तो अडीच सुताचाच निघाला. वाशीच्या दोन फेऱ्या झाल्यावर सहाही बोल्ट पुन्हा तपासले. एकच पाव फेरा आवळावा लागला, तोही बुश न घातलेल्या जागेचा.