शाळेत टीव्ही आहे, पण शिक्षक हात लावत नाहीत. केंद्रपातळीवर वर्षभराचं प्रशिक्षण कसं आखावं?

पैनगंगाकाठ:
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातलं केंद्र आहे, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट. बहुतेक शाळा जिल्हा परिषदेच्या, द्विशिक्षकी. लोकवर्गणीतून आणि वित्त आयोगाच्या निधीतून जवळपास सगळीकडे ४३ इंची टीव्ही आले, दोन उच्च प्राथमिक शाळांत मोठे टच पॅनलही लागले. वापर मात्र पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीपुरता. एका दिवसाचं प्रशिक्षण झालं की आठवडाभर उत्साह टिकतो आणि मग टीव्हीवर पुन्हा कापड पडतं. सेवानिवृत्तीला आलेले शिक्षक आहेत, नवीन भरतीतले आहेत, कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) शाळा आहेत. केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, दर महिन्याला होते, तेवढाच हातातला वेळ. विदर्भात सत्र जूनच्या शेवटी सुरू होतं, त्याआधी आराखडा तयार हवा. कुठून सुरुवात करावी?

डाएट_गणित:
सर, सुरुवात यंत्रापासून नका करू, पुढच्या पंधरवड्यात शिकवायच्या घटकापासून करा. एकदिवसीय प्रशिक्षण विरतं, कारण त्यात बटणं दाखवली जातात. शिक्षकाला सोमवारी पाचवीला काय शिकवायचंय, ते तिथे कोणी विचारतच नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणावर मांडलेली गोष्ट आजही लागू पडते: माहिती आणि प्रात्यक्षिक यांवर गाडी थांबली तर वर्गात फारसं काही पोचत नाही. शाळेत येऊन सोबत बसणारा सहकारी मिळाला, तरच सवय लागते.

परिषदेतले दीड तास यासाठी राखून ठेवा. माहिती भरण्याच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्या वाचून दाखवण्यात वेळ घालवू नका. पहिली वीस मिनिटं एक शिक्षक प्रत्यक्ष पाठ घेईल, बाकीचे विद्यार्थी होतील. पुढची चाळीस मिनिटं दोघादोघांनी आपापल्या वर्गाचा एक पाठ तयार करायचा. उरलेल्या वेळात तो तिथल्याच टीव्हीवर चालवून पाहायचा. घरी जाऊन करा म्हटलं की होत नाही.

उदाहरण घ्या, पाचवीचे सममूल्य अपूर्णांक. आधी कागदाची पट्टी. मुलं ती दुमडून अर्धा भाग रंगवतील, पुन्हा दुमडून चारातले दोन भाग मोजतील. मग फेट (PhET) या गणित-विज्ञानाच्या मोफत संगणकीय कृतींच्या संकेतस्थळावरची अपूर्णांकांची कृती टीव्हीवर लावायची. फेटच्या बऱ्याच कृती मराठीत आहेत आणि आधी उतरवून ठेवल्या तर नेटशिवाय चालतात. एक अपूर्णांक दाखवा, स्क्रीन थांबवा, आणि याच्याइतकाच दुसरा कोणता ते पाटीवर लिहायला सांगा. पाट्या वर झाल्यावरच उत्तर उघडा. ही थांबण्याची जागा शिक्षकाने पाठाच्या टाचणात आधीच लिहून ठेवली पाहिजे. सगळं प्रशिक्षण खरं तर याच जागेसाठी आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर येणाऱ्या व्हिडिओंनाही हेच लागू. सलग दहा मिनिटं लावून ठेवला तर मुलं बघतात, पण विचार करत नाहीत. दोन-तीन मिनिटांचा तुकडा, मग प्रश्न.

जोड्या लावताना ज्येष्ठ आणि नवीन अशा लावा. मुलं कुठे अडतात हे ज्येष्ठांना नेमकं ठाऊक असतं, म्हणून घटक आणि प्रश्न ते निवडतील. जोडणी नवीन शिक्षक करेल. तिसऱ्या पाठापासून कामं उलटवा, नाहीतर एक जण कायमचा ऑपरेटर होऊन बसतो. आणि 'या वयात कशाला' हे वाक्य कोणाच्याही बाबतीत येऊ देऊ नका. ज्यांनी तीस वर्षं बिनायंत्राचं उत्तम शिकवलं, त्यांचे प्रश्नच या पाठांचा कणा असतात.

वायरमन_वर्धा:
वरचं सगळं पटलं, पण शिक्षक घाबरतो ते मुलांसमोर टीव्ही चालू झाला नाही तर काय, याला. म्हणून जोडणीचा सराव प्रशिक्षणातच घ्या. नेहमी अडतं ते असं.

टीव्हीच्या यूएसबीतून फक्त व्हिडिओ आणि फोटो चालतात. फेटची फाईल पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावली तर उघडणार नाही, त्याला लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉर्मॅट करा. बरेच टीव्ही दुसरा प्रकार वाचत नाहीत. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, पण धड्याच्या व्हिडिओला एवढी जागा लागतच नाही. आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं तर व्हिडिओ बहुधा एच.२६५ या प्रकारात साठवलेला असतो, तो एच.२६४ मध्ये बदलून घ्या. मोबाईल टाइप-सी वायरने टीव्हीला जोडायचा असेल तर फोनला तशी सोय आहे का ते आधी तपासा. स्वस्त फोनमध्ये बहुधा नसते आणि वायरचे पैसे वाया जातात.

विजेचा हिशोब: १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरा. इन्व्हर्टरची गळती वजा जाता साधारण ७०० वॅट-तास हाती येतात. टीव्ही आणि लॅपटॉप मिळून १३० वॅट धरले तर पाच तास निघतात. मोठं पॅनल ३०० वॅटच्या आसपास ओढतं, त्याला दोन तास आणि थोडं वर. म्हणजे पॅनलच्या शाळांनी वेळापत्रकात तास वाटून घ्यावेत.

उन्हाळी सुटीत बॅटऱ्या मरतात त्या अशा: जाताना मेन स्विच बंद केला जातो, इन्व्हर्टर चालूच राहतो, आणि दोन महिन्यांत बॅटरी पूर्ण उतरून प्लेटवर सल्फेट चढतं. सुटी लागण्याआधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहा, पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टरही बंद करा. मे महिन्यात एखाद्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याकडून पुन्हा चार्ज करून घ्या. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी नुसती पडूनही लवकर उतरते. विजा कडाडू लागल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायची, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

पोडावरची_शाळा:
बहुवर्ग शाळेसाठी एक भर. टीव्ही सगळ्यांसमोर लावला की पहिली ते चौथी सगळेच बघत बसतात आणि कोणाचंच काम होत नाही. एका गटाला टीव्ही, त्याच वेळी दुसऱ्या गटाला स्वाध्याय, असा पाठ परिषदेत बसवून दाखवा. ४३ इंची टीव्हीवरची अक्षरं दहा-अकरा फुटांपलीकडे नीट वाचता येत नाहीत, म्हणून गट सतरंजीवर जवळच बसवा. टीव्ही खिडकीसमोर नको, स्क्रीनवर उजेड चमकतो. कोलामी बोलणारी मुलं पहिलीत असतील तर मराठी व्हिडिओचा आवाज बंद ठेवा. चित्रावर मुलांनाच त्यांच्या भाषेत बोलू द्या, मग मराठी शब्द द्या. गावातल्या एखाद्या आजीच्या आवाजात गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून चित्रांसोबत लावता येते, त्याला नेटही लागत नाही.

पैनगंगाकाठ:
फार उपयोगी. एकच शंका: काम चाललंय की नाही हे कसं पाहायचं? वापराची नोंदवही ठेवली की ती नुसती भरली जाते.

डाएट_गणित:
नोंदवही नको सर. शाळाभेटीत एक पाठ पूर्ण बघा आणि तीनच गोष्टी टिपा: शिक्षक कुठे थांबला, थांबल्यावर किती मुलांनी पाटीवर काही लिहिलं, आणि चुकलेल्या उत्तराचं पुढे काय केलं. पाठानंतर दहा मिनिटं दोघांनी बसून बोलायचं. त्याचा गुणांकनाशी किंवा गोपनीय अहवालाशी काही संबंध नाही, हे पहिल्याच परिषदेत स्पष्ट सांगा. ते सांगितलं नाही तर तुम्ही आलात की ठेवणीतला एकच पाठ पुन्हा पुन्हा दिसेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. परिषदेतले हे तास आणि शाळाभेटीनंतरची चर्चा त्यात धरली जावी, यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांशी जूनमध्येच बोलून घ्या.