पूरबोटीतलं कुजलेलं लाकूड काढलं. आता आत पुन्हा प्लाय घालायचा की फोम?

नदीकाठ (धागाकर्ता):
मंडळी, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाची एक 16 फुटी फायबरची बोट आहे. वर्षातले अकरा महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये पडून असते. पूर आला की मात्र अख्ख्या गावाचा जीव तिच्यावर असतो. परवा चौघांनी मिळून बाहेर काढली. आत पाय ठेवला तर ओल्या गादीवर उभं राहिल्यागत तळ दबला. लाकडी हातोडीनं ठोकत गेलो: पुढच्या अंगाला टणटण, मध्यावर बद्द आवाज. ग्राइंडरनं वरचा थर कापला तेव्हा आतला प्लाय काळा पडलेला, चहाच्या चोथ्यासारखा मुठीत आला. मोटार बसते त्या मागच्या फळीला भोक पाडलं, तर भुशाऐवजी तांबूस पाणी ओघळलं.

बाहेरचं कवच ठणठणीत आहे. तळ, त्याखालचे लांब स्ट्रिंगर (तळाला ताठ ठेवणाऱ्या आधाराच्या पट्ट्या) आणि मागची फळी नव्यानं करायची आहे. माझं मत सरळ आहे: आता लाकूड नको, सगळीकडं पीव्हीसी फोम घालावा. 12 मिलिमीटरचा प्लाय चौरस मीटरला सात-आठ किलो भरतो. 80 घनतेचा (घनमीटरला 80 किलो) तेवढाच जाड फोम जेमतेम एक किलो. आमचा तळ चार चौरस मीटर आहे, म्हणजे नुसत्या तळात पंचवीस किलोच्या वर वजन वाचतं. आणि फोम कुजत नाही. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

पॅटर्नवाला_उद्यमनगर:
फौंड्रीचे लाकडी पॅटर्न करण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून लाकडाची बाजू मांडतो. लाकूड कुजलं हे खरं, पण पाणी कुठनं शिरलं ते बघितलंत का? तळाला कडी, वल्ह्याचा आकडा, बाकाचे पाय, सगळे स्क्रू थेट प्लायमध्ये पिळलेले असणार. भोक मोठं पाडायचं, ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) भरायचं, वाळल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू बसवायचा. मग स्क्रू ढिला झाला तरी पाण्याला लाकूड सापडत नाही.

मागच्या फळीत तर फोम घालूच नका. मोटारीचे शिकंजे आणि बोल्ट फळीला दोन्ही बाजूंनी आवळतात. 80 घनतेचा फोम तिथं चेपतो, बोल्ट सैल होतो आणि त्याच फटीतनं पाणी आत जातं. तिथं आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, 18 मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीनं चिकटवून. दुकानात "वॉटरप्रूफच आहे" म्हणून आयएस 303 चा साधा प्लाय गळ्यात मारतील. शीटवरचा शिक्का स्वतः वाचा.

फायबरकाम_शिरोली:
काका, फळीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण 710 च्या शिक्क्यावर एवढा भरवसा नको. 72 तास उकळून बघतात ती प्लायच्या डिंकाची परीक्षा. त्या लाकडाला कीड-बुरशीचं औषध पाजलेलं असतं हेही खरं, पण वर्षानुवर्षं कोंडलेल्या ओलीत ते किती तग धरणार?

आणि स्क्रूचं तुम्ही सांगता ते तुमच्या हातून नीट होईल. ही गावची बोट आहे. पुराच्या आदल्या रात्री कुणीतरी बॅटरीचा दिवा लावायला कुठंही भोक पाडणार, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला माणसं काढायची असतात. सामान असं हवं की ती चूक त्यानं पचवावी. फोमला भोक पडलं तर पाणी त्या भोकापुरतं राहतं. प्लायमध्ये ते थरांच्या मधनं हातभर पसरतं.

स्ट्रिंगरमध्ये तर वादच नाही. आतलं सामान तिथं नुसतं साचा आहे, ताकद वरच्या काचेच्या थरांची. तिथं लाकूड घालणं म्हणजे कुजायला मुद्दाम जागा करून देणं.

रंकाळ्याचा_गडी:
एवढा महाग फोम कशाला भावांनो? पॅकिंगचं थर्माकोल आणा, वरनं काचेच्या तंतूंची मॅट मारा, झालं काम.

फायबरकाम_शिरोली:
भावा, एक प्रयोग कर. वाटीभर पॉलिस्टर रेझिन घे आणि त्यात थर्माकोलचा तुकडा टाक. त्यातलं स्टायरीन हे द्रावक तुझ्या डोळ्यांदेखत तो तुकडा खाऊन टाकतं, खाली चिकट गोळा उरतो. वर मॅट राहील, पण आत पोकळी. इपॉक्सीत थर्माकोल विरघळत नाही, पण तळाखाली ते दाबाला टिकणारच नाही. पुरात अंगाशी येईल, मनापासून सांगतोय.

पूरपथक_प्रयाग:
मी कारागीर नाही, बोट चालवतो. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 च्याही वर गेली, तेव्हा वाड्या-वस्त्यांवर लोकांनी गुळाच्या काहिलीसुद्धा पाण्यात घातल्या होत्या. त्याच ऑगस्टात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. ते आठवलं की अजून झोप लागत नाही. म्हणून वजन वाचवायच्या हिशोबाला माझा विरोध आहे. पंचवीस किलो वाचले की लोक आणखी एक माणूस बसवणार, दुसरं काही होणार नाही.

तळावर काय काय पडतं ते ध्यानात घ्या: भरलेला गॅस सिलिंडर, म्हशीच्या रेडकाचे खूर, धान्याची पोती. फोमवर दोनच पातळ थर असले तर सिलिंडरच्या कडेनं खड्डा पडणार. मला पायाखाली प्लाय पाहिजे.

नदीकाठ (धागाकर्ता):
दादा, सिलिंडरचा मुद्दा पटला. वजनाचा नाही. पाणी प्यालेला प्लाय किती जड होतो ते आम्ही आत्ता पाहिलं. कापलेले तुकडे दोन माणसांना उचलेनात, आणि हा भार बोटीवर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं किती बसवायची हे बोटीच्या कडेला रंगानं लिहावं लागेल, ते आम्ही लिहू.

मागच्या फळीत प्लाय, हे मी मान्य करतो. स्ट्रिंगरमध्ये फोम. तळात फोमच, पण वरून थर वाढवून, आणि कड्या-आकडे येणार तिथं फोम कापून प्लायचे ठोकळे बसवून.

पॅटर्नवाला_उद्यमनगर:
तळाबाबत माझं मत बदललेलं नाही. थर वाढवलेत की वाचलेलं निम्मं वजन तिथंच जाणार, पैसाही जाणार. पण ठोकळे घालताय तर निदान त्यांच्या चारी कडा इपॉक्सीनं पाजून घ्या. प्लाय पाणी पितो तो कडेनं. आणि स्ट्रिंगरना खालून मोरी ठेवा, पाणी मागं वाहत आलं पाहिजे. तुमच्या जुन्या बोटीत ती बुजली होती का, बघा.

नदीकाठ (धागाकर्ता):
आत्ताच जाऊन बघितलं. दोन्ही मोऱ्या रेझिननं बंद आहेत. पहिल्या दिवसापासून.

फायबरकाम_शिरोली:
मग काकांचं निदान बरोबर, हे मी मान्य करतो. उपाय मात्र माझाच ठेवा.

कामाचं बोलू. लाकडाला पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून फळी इपॉक्सीत करा. इपॉक्सीखाली साधी चॉप मॅट (तुकडे केलेल्या तंतूंची) वापरू नका. तिच्यातले तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो. शिवलेलं कापड घ्या. स्ट्रिंगरना पॉलिस्टर वापरलंत तर कोबाल्ट (रेझिन लवकर आवळायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. आणि वळीव सुरू व्हायच्या आत कवच आतून पूर्ण सुकवा. ओल्या फायबरवर मारलेला थर पापडासारखा सुटून येतो.

पुठ्ठ्यावर फळीचा नमुना कापून ठेवा, मागचा उतारही मोजा. रविवारी सकाळी मी ग्राइंडर आणि मास्क घेऊन येतो. काका, तुम्हीपण या. तळाचं तिथंच बोटीत उभं राहून ठरवू.