न्यूयॉर्क सहा तासांत?

ए-१०४ काकू: लेकीने तिकीट पाठवलंय, मुंबई-न्यूयॉर्क थेट. १४ ऑक्टोबर, रात्री १.३० ला निघून सकाळी ७.३० ला पोचतं. सहाच तास! मी उगाच गुडघ्यांची काळजी करत बसले होते 😄

बी-६०२: काकू, तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. साडेपंधरा तास धरा.

ए-१०४ काकू: अगंबाई!

सी-३०१ काका: समृद्धी व्हायच्या आधी गाडीने नागपूरला एवढाच वेळ लागायचा. निदान वाटेत उतरून चहा तरी मिळायचा.

बी-६०२: काका, हे सरळ रेषेत १२,५०० किमी आहे हो.

सी-३०१ काका: मान्य. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्कच आपल्याकडे येत असतं. जाताना लवकर पोचायला हवं!

बी-६०२: हवाही पृथ्वीबरोबरच फिरते ना. नाहीतर गच्चीवर उडी मारली की तुम्ही सी विंगमधून आमच्याकडे पडला असता. उलट दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून परतीला साधारण चौदा तासच.

डी-२०३: मागे पुढच्या सीटवरच्या पडद्यावर विमान ग्रीनलंडजवळ दिसलं तेव्हा मला वाटलं, रस्ता चुकले की काय. मी तर आफ्रिकेवरून जाणार असं धरून चालले होते.

बी-६०२: भिंतीवरचा नकाशा फसवतो. मुलांच्या ग्लोबवर मुंबईपासून दोरा ताणून बघा, आपोआप उत्तरेला चढतो. पाकिस्तान, रशिया, नॉर्वे, मग ग्रीनलंड. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली. त्याचा फटका दिल्लीवाल्यांना जास्त बसला, अमेरिकेची काही विमानं तेल भरायला व्हिएन्नाला उतरवावी लागली. मुंबईहून मुळातच अरबी समुद्रावरून निघता येतं.

सी-३०१ काका: दोरा सापडला, ग्लोब नातवाने फोडलाय.

डी-२०३: काकू, ते सगळं राहू दे. १४ तारखेला रात्री दीड म्हणजे १३ ची रात्र हं! आमचे हे एकदा बरोब्बर २४ तास उशिरा बॅगा घेऊन काउंटरवर उभे. तिथल्या मुलीने तिकीट वळवून तारखेवर बोट ठेवलं, तेव्हा डोक्यात प्रकाश. नवीन तिकिटाचे पैसे गेले ते गेले, वर अख्खी रात्र मी बोलले ते वेगळंच.

ए-१०४ काकू: अरे देवा, मी टॅक्सी १४ च्या संध्याकाळची सांगून ठेवलीय!

डी-२०३: आत्ताच्या आत्ता बदला. १३ ला रात्री साडेदहाला विमानतळावर हव्यात तुम्ही.

ए-१०४ काकू: बदलते गं. आणि लेकीला फोन कधी करू? तिथे आता किती वाजलेत?

बी-६०२: साडेनऊ तास मागे, म्हणजे पहाटेचे तीन. नका करू 🙏

ए-१०४ काकू: बरं. खाली कुणी असेल तर दूधवाल्याला सांगा, १०४ ला १४ पासून पिशवी नको. १३ ची हवीय.