स्वतःच्या मरणाची फाईल: सोय की हौस?

नारायणपेठेतली
परवा सोसायटीच्या ग्रुपवर पोस्ट आली. कोथरूडच्या कोणी आजोबांनी स्वतःच्या अंत्यविधीची फाईल करून ठेवलीय. विद्युतदाहिनी, गुरुजी नकोत, दहावं-तेरावं नको, खर्चाचे पैसे पाकिटात, कोणाला कळवायचं त्याची यादी आणि यादीत दोन नावांवर काट. खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. 'किती प्रगल्भ!'

माझ्या डोक्यात गेली. जन्मभर घरच्यांना चहाच्या वेळा लावून दिल्या, आता गेल्यावरही हुकूम? आणि दहावं काय मेलेल्या माणसासाठी असतं?

आई गेली तेव्हा दादा नि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. फ्लॅटवरून. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. काका म्हणाले, नातीचं राहिलं असेल मनात. दादा घसा खाकरून म्हणाला, "आई, हिच्या मुलीच्या शिक्षणाचं मी बघतो." कावळा आला. माझा अजून कावळ्यावर विश्वास नाही, पण चारही वर्षांची फी दादाने भरली. फाईलीत 'दहावं नको' असतं तर आम्ही दोघं कुठे भेटलो असतो?

कर्वेनगर७४
ताई, कोथरूडचे आजोबा मी नव्हे, पण फाईल माझीही आहे, निळी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. हुकूम वगैरे काही नाही. १९८९ साली वडील गेले तेव्हा तिरडीचं सामान आणायला गेलेला मी बांबू किती नि सुतळी किती हे दुकानदाराला विचारत होतो, आणि इकडे दोन आत्या तुळशीपत्रावरून भांडत होत्या. माझ्या मुलांवर ती वेळ नको, एवढंच.

आणि कृपा करून हे सगळं मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर. तोवर तुमची राख आळंदीला पोचलेली असते.

तळटीपवाले
मृत्युपत्र वेगळं, लिव्हिंग विल वेगळं, आणि फाईल तिसरीच. लिव्हिंग विलला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही चालते. पण ते उपचार थांबवण्यापुरतं. अंत्यविधीशी त्याचा काडीचा संबंध नाही. लोक सगळं एकाच पिशवीत कोंबतात.

धायरीफाटा
फाईलचं कौतुक मला सांगू नका. आमच्या बाबांची फाईल इतकी चोख होती की पाकिटावर स्टेपलर मारून वर तारीख. देहदानाचा फॉर्म भरलेला, आम्हा भावंडांच्या सह्या झालेल्या. गेले रविवारी पहाटे, झोपेत, घरी. फॅमिली डॉक्टर गावाला. मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा कोणी? बिल्डिंगमधले डॉक्टर म्हणाले, मी कधी तपासलेलं नाही, सही करणार नाही. त्यांचंही बरोबर. मग पोलीस, मग पोस्टमॉर्टम. आणि पोस्टमॉर्टम झालेला देह कॉलेज घेत नाही. बाबांची वीस वर्षांची इच्छा एका दाखल्यापायी गेली.

डोळे तेवढे दिले, सहा तासांच्या आत. पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस, हे आईला माहीत होतं. फाईलीत नव्हतं.

सिंहगडरोडकर
फाईलीचं खरं कारण कोणी बोलत नाही. मुलं परदेशात! आमच्या शेजारी एका काकूंना तीन दिवस विजेवरच्या थंड शवपेटीत ठेवलं होतं, चिरंजीवांचं तिकीट मिळेना म्हणून. पेटीचा घुं-घुं आवाज भिंतीतून रात्रभर. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा. यायचं होतं तर जिवंतपणी यायचं.

टोरांटोहून
तुमच्या मुलीची परीक्षा, आणि त्या मुलाची आई. वा.

सिंहगडरोडकर
भावनिक होऊ नका. प्रश्न साधा आहे.

तळटीपवाले
अभिनेते डॉ. श्रीराम लागू १७ डिसेंबर २०१९ ला गेले, वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार २० ला झाले, मुलगा अमेरिकेहून यायचा होता म्हणून. कर्मकांड न मानणारा माणूस. तिथे कोणी घुं-घुं मोजलं नाही.

सिंहगडरोडकर
लागूंची बरोबरी आमच्या बिल्डिंगशी?

टोरांटोहून
साधा प्रश्न ना, मग ऐका. आई गेली तेव्हा मीच सांगितलं, थांबू नका. व्हिडिओ कॉलवर बघितलं सगळं. चुलतभावाने फोन धरला होता, त्याचा अंगठा अर्ध्या कॅमेऱ्यावर. त्याच्या कडेने आईचा एक पाय आणि पायातली जोडवी दिसली. मी 'अंगठा काढ' म्हणाले, पण त्याच्याकडचा आवाज बंद होता. थांबवलं नाही याचं दुःख मला आहे. तुम्हाला तीन रात्री झोप लागली नाही त्याचं तुम्ही बघा.

सिंहगडरोडकर
तुमच्याबद्दल नव्हतं ते. काकूंच्या मुलाबद्दल होतं. तो नंतर फ्लॅट विकायलाच आला.

कर्वेनगर७४
माझ्या फाईलीत लिहिलंय: 'कोणासाठी थांबू नये.' हे वाचून ती ओळ खोडली. मुलांनाच विचारीन.

नारायणपेठेतली
म्हणजे फाईलवालेही खोडाखोड करतात तर! बरं, डॉक्टरांचा नंबर, सुटीतला पर्यायी डॉक्टर आणि फोनची यादी एवढं मान्य. दहाव्याचं मात्र माझ्या मुली ठरवतील, मी नाही. आणि काका, तुमच्या यादीत आहे का कोणावर काट?

कर्वेनगर७४
आहे. धाकट्या भावावर. पेन्सिलीने.

नारायणपेठेतली
खोडरबर धाडू?

वडगावशेरी_नवा
सगळं वाचलं. देहदानाचा फॉर्म कुठे मिळतो?

धायरीफाटा
बी.जे. मेडिकलच्या शरीररचनाशास्त्र विभागात, ससूनच्या आवारात. पण आधी घरच्यांच्या सह्यांचं बघा. ऐन वेळी जवळचे नातेवाईक नाही म्हणाले तर तुमच्या फॉर्मला कोणी विचारत नाही.

वडगावशेरी_नवा
बायको सही देत नाहीये.

तळटीपवाले
मग त्यासाठी नवा धागा काढा.